स्मृतीचे नाणे आणि नाण्याचा बाजार

नाणे ही वस्तू मोठी बोलकी असते. राजा जातो, राजधानी ओस पडते, दप्तरे वाळवी खाते. परंतु नांगराच्या फाळाला लागून वर आलेले एखादे नाणे त्या राजाचे नाव सांगते. म्हणून थोर पुरुषाची किंवा मोठ्या घटनेची आठवण राखावयाची तर ती नाण्यावर राखावी, असे राज्यकर्त्यांना फार पूर्वीपासून वाटत आले आहे. आपल्याकडे १९६४ साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांची मुद्रा असलेला रुपया आणि पन्नास पैशांचे नाणे निघाले. १९९९ साल घातलेला ज्ञानेश्वरांचा रुपया आणि शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे, तसेच २००७ सालचे लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांचे नाणे, ही तर पुष्कळांच्या हातांतून गेली असतील. ज्ञानेश्वरांचा रुपया भाजीवालीने रुपयालाच घेतला आणि रुपयालाच पुढे दिला. माउलींच्या नावाखातर तिने सव्वा रुपयाची भाजी दिली नाही, आणि कोणी ती मागितलीही नाही.

ही गोष्ट साधी दिसते, पण तिच्यात एक मोठे तत्त्व दडलेले आहे. स्मृती नाण्यावर उमटविणे निराळे आणि त्या स्मृतीची किंमत लावून नाणे विकणे निराळे. या दोहोंमधील रेषा पुसली गेली म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास पाहावा. तेथे १८९२ ते १९५४ अशी ६२ वर्षे स्मारक नाण्यांचा एक उद्योग चालला. तो थाटाने उभा राहिला, भरभराटला, आणि अखेर स्वतःच्याच पापाने बुडाला. पुढे १९८२ साली तो पुन्हा उभा करण्यात आला, आणि पंधरा वर्षांच्या आत त्याच वाटेने जाऊ लागला. या उदयास्ताची हकीकत सांगावी आणि तिचे कारण शोधावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम या नाण्यांची व्यवस्था कशी होती हे समजून घेतले पाहिजे. कारण पुढचे सारे रामायण त्या व्यवस्थेतूनच घडले. त्या काळी अमेरिकेत अर्ध्या डॉलरचे चांदीचे नाणे रोजच्या व्यवहारात चालत असे. वजन साडेबारा ग्रॅम, त्यात दहा भागांपैकी नऊ भाग चांदी. एखाद्या शहराची शताब्दी आली किंवा एखादे प्रदर्शन भरावयाचे असले म्हणजे तेथील मंडळी एक समिती स्थापन करीत आणि आपल्या प्रतिनिधीमार्फत काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या विधिमंडळाकडे, मागणी करीत. कायदा मंजूर झाला की सरकारी टांकसाळ ठरलेल्या चित्राचे अर्धे डॉलर पाडी. समिती ते दर्शनी किमतीला, म्हणजे नगास ५० सेंट देऊन, उचली. ठसे कोरण्याचा खर्चही तीच सोशी. मग ती ते नाणे एका डॉलरला विको, दोन डॉलरांना विको, वरचा पैसा समितीचा. आणि जी नाणी खपत नसत ती टांकसाळीला परत करून त्यांचे दर्शनी मोल परत मिळविता येई.

आता पाहा. सरकारचा तोटा नाही. समितीचाही फारसा नाही, कारण माल खपला नाही तर तो परत घेण्यास सरकार बसलेलेच आहे. घेणारा तर खुशीने घेतो आहे. ज्या व्यवहारात कोणाचेच नुकसान दिसत नाही तो व्यवहार सगळ्यांनाच हवासा वाटतो. परंतु एक गोष्ट या हिशेबात कोणी मांडली नव्हती. समितीला जे मिळत होते ते नुसते चांदीचे तुकडे नव्हते. राष्ट्राच्या मुद्रेवरचा लोकांचा विश्वास तिला किरकोळीने विकावयास मिळत होता. हा माल कोणाच्याच वहीत जमेस धरलेला नव्हता, म्हणून तो खर्ची पडत आहे हेही कोणाच्या ध्यानात आले नाही.

या उद्योगाचा आरंभ शिकागोच्या जागतिक प्रदर्शनापासून झाला. कोलंबस अमेरिकेस पोहोचला त्याला ४०० वर्षे झाली, त्या निमित्ताने १८९३ साली हे प्रदर्शन भरले. आपल्याला ते निराळ्या कारणाने ठाऊक आहे; त्याच प्रदर्शनाच्या अनुषंगाने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांचे व्याख्यान झाले. या प्रदर्शनाच्या खर्चाला हातभार म्हणून काँग्रेसने कोलंबसाची मुद्रा असलेले ५० लाख अर्धे डॉलर पाडण्यास मंजुरी दिली आणि ते एकेक डॉलरला विकावयाचे ठरले. आरंभ तर झोकात झाला. पहिले पडलेले नाणे रेमिंग्टन या टंकलेखन-यंत्रांच्या कंपनीने १० हजार डॉलर देऊन घेतले. प्रदर्शनालाही गर्दी अशी लोटली की एकूण प्रवेशांची संख्या पावणेतीन कोटींच्या घरात गेली.

तरीही नाणी खपेनात. पन्नास सेंटचे नाणे शंभर सेंटना घेण्यास माणूस एकदा तयार होतो. घरी ठेवावयास एक पुरे असते. अखेर सुमारे २५ लाख नाणी वितळवावी लागली. शिवाय उरलेल्यांपैकी पुष्कळशी दर्शनी किमतीला व्यवहारात सोडण्यात आली. प्रदर्शनात डॉलर मोजून, रुमालात गुंडाळून आणलेले नाणे पुढे दुकानात सुट्या पैशांत पन्नास सेंटला मिळू लागले, तेव्हा घेणाऱ्याला काय वाटले असेल? या उद्योगाला पहिल्याच वर्षी हा धडा मिळाला होता. मात्र पुढच्या मंडळींनी त्यातून निराळाच अर्थ काढला. किंमत कमी ठेवावी असे त्यांना वाटले नाही. नाणी कमी पाडावीत असे वाटले.

यापुढची पंचवीस-तीस वर्षे तशी शांततेत गेली. १९१८ साली इलिनॉय राज्याच्या शताब्दीचे, लिंकनची मुद्रा असलेले नाणे निघाले. एक लाखाच्या आसपास नाणी, एक साधा प्रसंग, एक चित्र. अशी नाणी निघाली तोवर कोणी बोट ठेवण्याजोगे काही नव्हते. बिघाडाची पहिली ठळक खूण १९२१ साली दिसते. अलाबामा आणि मिसूरी या दोन राज्यांची शताब्दीची नाणी त्या वर्षी निघाली. अलाबामा हे संघराज्यात आलेले बाविसावे राज्य. म्हणून काही हजार नाण्यांवर दोन आकडी दोन आणि मध्ये फुलीसारखी खूण अशी बारीकशी भर घातली. बाकीची नाणी तिच्यावाचून पाडली. मिसूरी चोविसावे, त्याच्या पाच हजार नाण्यांवर दोन, तारा आणि चार असे चिन्ह घातले. एवढ्याशा खुणेने काय झाले? नाणे एक होते ते संग्राहकापुरते दोन झाले. ज्याला संग्रह पुरा करावयाचा त्याने आता दोन्ही घेतली पाहिजेत. आणि त्यांतले एक मुद्दामच थोडे पाडलेले. अलाबामाच्या त्याच नाण्यावर तेव्हा अधिकारावर असलेल्या राज्यपालांची छबीही घालण्यात आली. हयात माणसाची प्रतिमा अमेरिकेच्या नाण्यावर येण्याची ती पहिलीच वेळ. स्मारक म्हणजे गेलेल्याची आठवण, हा संकेतही येथे सुटला.

पुढे प्रसंगही पातळ होत गेले आणि संख्याही बेहिशेबी झाली. १९२६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला १५० वर्षे झाली, म्हणून दहा लाखांवर अर्धे डॉलर पाडले. त्यांपैकी साडेआठ लाखांहून अधिक परत येऊन मुशीत गेले. स्वातंत्र्याइतका थोर प्रसंग दुसरा कोणता? तरीही नाणी खपली नाहीत. प्रसंगाचा थोरपणा आणि नाण्याचा खप यांचा मेळ बसत नाही, हे येथे स्पष्ट झाले. उलट त्याच वर्षी पश्चिमेकडे वसाहतीसाठी गेलेल्या लोकांच्या ऑरेगन मार्गाच्या स्मरणार्थ जे नाणे सुरू झाले, ते कायद्यात वर्षाची अट नसल्याचा लाभ घेऊन थांबून थांबून १९३९ पर्यंत पाडले गेले. साल बदलले की नाणे नवे. टांकसाळ बदलली की पुन्हा नवे. कारण फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सान फ्रान्सिस्को या तीन टांकसाळींपैकी दुसरी आणि तिसरी आपापले आद्याक्षर नाण्यावर उमटवीत. ही अक्षरे मुळात टांकसाळीवर देखरेख राहावी म्हणून होती. आता ती एकाच नाण्याची तीन नाणी करण्याच्या कामी आली.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती असे नाही. १९३० साली गॅड्सडेन खरेदीच्या, म्हणजे मेक्सिकोकडून घेतलेल्या एका प्रदेशाच्या, स्मरणार्थ दहा हजार नाणी काढण्याचे विधेयक अध्यक्ष हूव्हर यांच्याकडे गेले असता त्यांनी ते नाकारून परत पाठविले. चलनातील नाण्यांची रूपे एकसारखी असली पाहिजेत. ती अनेक झाली तर लोकांचा गोंधळ उडतो आणि खोटे नाणे खपविणाऱ्यांचे फावते. स्मरणच करावयाचे तर त्याला पदके काढावीत, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे सरळ होते. पदक हे पदक म्हणून विकले जाते. ते घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत याविषयी भ्रम नसतो. पण समित्यांना पदक नको होते. पदकाला राष्ट्राच्या मुद्रेचे वजन नसते, आणि नेमके तेच वजन विकावयाचे होते.

१९३४ ते १९३६ ही तीन वर्षे या उद्योगाच्या भरभराटीची आणि अधःपाताचीही. देशात मोठी मंदी होती. लोकांजवळ पैसा थोडा आणि रिकामा वेळ पुष्कळ. त्या सुमारास पुठ्ठ्याला भोके पाडून त्यांत सालवार सेंट बसविण्याचे फळे बाजारात आले आणि घरोघर नाणी जमविण्याचा छंद लागला. त्यात एका डॉलरला घेतलेले नाणे सहा महिन्यांत पाचाला जाते अशी वार्ता पसरली, तेव्हा छंदाच्या घरात सट्टा केव्हा शिरला हे कळलेही नाही.

तीन उदाहरणे दिली म्हणजे पुरे. केंटकीच्या जंगलांतून वाट काढणारा डॅनिएल बून १७३४ साली जन्मला. त्याच्या द्विशताब्दीची नाणी १९३४ पासून निघू लागली. वास्तविक ती त्या वर्षाबरोबर संपावयाची. ती १९३८ पर्यंत चालली. १९३५ च्या नाण्यावर द्विशताब्दीचे साल दिसत नाही असे निमित्त काढून मागच्या बाजूस १९३४ हा आकडा बारीक अक्षरांत घालण्यात आला आणि त्या खुणेची नाणी डेन्व्हरला २,००३ व सान फ्रान्सिस्कोला २,००४ एवढीच पाडण्यात आली. ज्यांनी मागणी पाठविली त्यांपैकी बहुतेकांना नाणी संपल्याचे उत्तर आले. आणि बाजारात मात्र तीच नाणी कित्येक पट भावाने दिसू लागली.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्क राज्यातील हडसन या लहानशा गावाचे. गावाला १५० वर्षे झाली म्हणून १९३५ साली दहा हजार नाणी पाडली. त्यांपैकी सुमारे साडेसात हजार एका व्यापारी पेढीने घाऊक उचलली. गावकऱ्यांनी आणि संग्राहकांनी पाठविलेले पैसे परत आले. गावाच्या वाढदिवसाचे नाणे गावाच्याच वाट्याला आले नाही.

तिसरे उदाहरण सर्वांवर कडी करणारे आहे. १९३६ साली सिनसिनाटी शहर हे संगीताचे केंद्र होऊन ५० वर्षे झाली, म्हणून नाणे निघाले. थॉमस मेलिश नावाचे गृहस्थ त्यामागे होते. ते स्वतः नाण्यांचे संग्राहक. ५० वर्षे मागे गेले तर १८८६ साल येते; आणि त्या वर्षी सिनसिनाटीच्या संगीतात नोंद घेण्याजोगे काही घडल्याचे इतिहासाला ठाऊक नाही. नाण्यावर प्रतिमा घातली स्टीफन फॉस्टर या लोकप्रिय गीतकाराची. फॉस्टर त्या शहरात काही वर्षे राहिला होता हे खरे, पण भावाच्या व्यवसायात हिशेब लिहिण्यासाठी. आणि तो वारला १८६४ साली, म्हणजे त्या कल्पित आरंभाच्या बावीस वर्षे आधी! तीनही टांकसाळींत पाच-पाच हजार नाणी पाडून तीन नाण्यांचा संच पावणेआठ डॉलरांना विकण्यात आला. ज्यांचे दर्शनी मोल दीड डॉलर ती नाणी टांकसाळीतून निघतानाच पाचपट महाग झालेली, आणि लवकरच बाजारात त्याच संचाचे भाव त्याच्याही कित्येक पट सांगितले जाऊ लागले. येथे प्रसंगासाठी नाणे राहिले नव्हते. नाण्यासाठी प्रसंग शोधला गेला होता. लग्नाला वाजंत्री लागतात हे सर्वांना ठाऊक आहे. वाजंत्र्यांना काम मिळावे म्हणून लग्न लावण्याचा हा प्रकार.

१९३६ या एका वर्षात वीसहून अधिक निरनिराळ्या प्रसंगांचे अर्धे डॉलर निघाले. त्याच सुमारास सान डिएगोच्या प्रदर्शनाच्या नाण्यांचे जे झाले ते पाहिले म्हणजे हसावे की रडावे कळत नाही. १९३५ साली अडीच लाख नाणी पाडली. खपली नाहीत म्हणून एक लाख ऐंशी हजार परत करून वितळविली, आणि त्यांच्या बदल्यात १९३६ चे साल घालून डेन्व्हरला तितकीच नवी पाडून घेतली. साल नवे म्हणजे नाणे नवे, या भरवशावर. त्यांतलीही दीड लाख परत येऊन पुन्हा मुशीत गेली. दर फेरीला राष्ट्राची मुद्रा मात्र उमटून पुसली जात होती.

मार्च १९३६ मध्ये सेनेटच्या उपसमितीपुढे या प्रकरणाची चौकशी झाली. कोलोरॅडोचे सेनेटर अॅडम्स अध्यक्षस्थानी होते. एका प्रसंगाची नाणी एकाच टांकसाळीत पाडावीत, अगदी थोडी पाडू नयेत, वर्षानुवर्षे पाडीत राहू नये, असे निर्बंध पुढच्या कायद्यांत येऊ लागले. पण तोवर बाजाराने आपला निकाल दिला होता. १९३६ च्या उत्तरार्धापासून भाव उतरू लागले. असे का झाले, हे समजणे अवघड नाही. दुर्मिळ नाण्याला मोल येते ते पुष्कळांना ते हवे असते म्हणून. पुष्कळांना ते हवे असते, कारण संग्रह पुरा होईल अशी आशा असते. दर महिन्याला नवे नाणे आणि प्रत्येकाच्या तीन-तीन तऱ्हा निघू लागल्या की संग्रह पुरा होण्याची आशाच संपते. मग माणूस हे एक नाणे सोडतो असे नाही, सारा नादच सोडतो. सहज मिळू नये म्हणून मुद्दाम केलेली टंचाई अशी उलटते. नाणी थोडीच राहतात, पण ती मागणारे त्याहूनही थोडे उरतात. १९३९ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसने कायदा करून जुन्या परवानग्यांवर चाललेली सर्व नाणी एकदम बंद केली.

येथेच ही हकीकत संपली असती तर तिला लबाडांची फजिती म्हणून सोडून देता आले असते. परंतु जो खरा चटका आहे तो पुढेच आहे. १९४६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या स्मरणार्थ नाणे काढण्याचा कायदा झाला. हा पुरुष १८५६ साली व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्माला आला, आणि पुढे १८८१ साली टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी त्याने जी शाळा उभी केली ती साऱ्या जगाला माहीत झाली. अमेरिकेच्या नाण्यावर आलेली कृष्णवर्णीयाची ही पहिलीच प्रतिमा. आणि ती घडविणारे शिल्पकार आयझॅक हॅथवे हे अमेरिकेच्या नाण्याचा आराखडा करणारे पहिले कृष्णवर्णीय. मागच्या बाजूस गुलामाची झोपडी आणि तिच्या वर थोरांच्या कीर्तिमंदिराची इमारत. याहून योग्य प्रसंग आणि याहून अर्थपूर्ण नाणे साठ वर्षांत दुसरे निघाले नसेल. पैसाही कोणाच्या खिशात घालण्यासाठी नव्हता. वॉशिंग्टन यांच्या जन्मस्थानी स्मारक आणि शिक्षणकार्य उभे करावयाचे होते.

पण मार्ग तोच जुना धरला. ५० लाख नाण्यांची परवानगी, तीन टांकसाळी, दर वर्षी नवे साल, १९५१ पर्यंत. नाणी घेणारा जो सामान्य संग्राहक होता तो दहा वर्षांपूर्वी पोळला होता. त्याने पाठ फिरविली. ३१,६६,००० नाणी पडली आणि त्यांपैकी १५,८१,६३१ वितळविली गेली. तेव्हा वितळलेली आणि अद्याप न पाडलेली अशी मिळून ३४,१५,६३१ नाण्यांची नवी परवानगी १९५१ साली घेण्यात आली. या वेळी वॉशिंग्टन यांच्या जोडीला कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची प्रतिमा घातली, आणि कृष्णवर्णीयांत साम्यवाद पसरू नये हे कार्य त्या कायद्याने निधीस जोडून दिले. त्यांतलीही पुष्कळशी नाणी मुशीत गेली. जन्मस्थानाचे स्मारक त्या पैशावर उभे राहिले नाही. १९५६ साली काँग्रेसने ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून स्वीकारली तेव्हा तिची व्यवस्था लागली.

सिनसिनाटीचे नाणे काढणारांनी आपला नफा करून घेतला. त्यांनी उधळलेल्या विश्वासाची भरपाई करावी लागली ती गुलामाच्या झोपडीतून वर आलेल्या एका पुरुषाच्या स्मृतीला. सार्वजनिक विश्वासाचे नेहमी असेच होते. तो खर्च करणारा एक असतो आणि त्याची उणीव ज्याला भासते तो दुसराच असतो. आणि बहुधा तो अधिक पात्र असतो.

हे अटळ होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. कारण त्याच १९४६ साली आयोवा राज्याने आपल्या शताब्दीचे नाणे काढले. एक लाख नाणी, एकच टांकसाळ, एकच साल. विक्रीत राज्यातील रहिवाशांना अग्रहक्क आणि अर्धा डॉलर सवलत दिली, आणि हजार नाणी मागे ठेवली. त्यांतली पाचशे १९९६ च्या दीडशेव्या वर्षासाठी, पाचशे २०४६ च्या दोनशेव्या वर्षासाठी. काम सचोटीने करावयाचे म्हटले तर करता येत होते. पण एका आयोवाच्या सचोटीवर सारा उद्योग तरत नाही. १९५४ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लुईझियानाची खरेदी, न्यूयॉर्क शहराची त्रिशताब्दी आणि नॉर्थॅम्प्टन गावाची त्रिशताब्दी अशा तीन प्रसंगांची विधेयके नाकारली, आणि त्याच वर्षी वॉशिंग्टन-कार्व्हर नाणेही थांबले. ६२ वर्षांत अर्ध्या डॉलरच्या ४८ जाती निघाल्या. साल, टांकसाळ आणि बारीकसारीक खुणा धरल्या तर १४२.

यानंतर अठ्ठावीस वर्षे अमेरिकेने असे नाणे काढले नाही. १९८२ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या अडीचशेव्या जयंतीला चांदीचा अर्धा डॉलर निघाला. या वेळी मध्ये समिती नव्हती. टांकसाळ स्वतः विकणार आणि नफा राष्ट्राच्या कर्जफेडीकडे जाणार. सत्तर लाखांहून अधिक नाणी विकली गेली. मग १९८४ च्या लॉस एंजल्स ऑलिंपिकसाठी नाणी काढावयाचे ठरले, तेव्हा ती विकण्याचा मक्ता आपणांस मिळावा म्हणून खाजगी कंपन्या पुढे आल्या. इलिनॉयचे प्रतिनिधी ॲनन्झिओ यांनी जुन्या अनुभवाचे स्मरण ठेवून तो बेत हाणून पाडला. तीनच तऱ्हांची नाणी निघाली, टांकसाळीने विकली, आणि प्रत्येक नाण्यामागे ठरावीक वर्गणी घेऊन सात कोटी डॉलरांहून अधिक निधी ऑलिंपिकसाठी उभा राहिला. १९८६ साली स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या शताब्दीस तर आठ कोटींवर डॉलर मिळाले.

एवढे यश पाहिल्यावर काँग्रेसच्या सभासदांना आपापल्या मतदारसंघातील संस्था आठवू लागल्या. दलाल बदलला, पण मूळ दोष तसाच राहिला. नाणे खपो न खपो, वर्गणी संस्थेची आणि तोट्याचा धोका टांकसाळीचा, असा व्यवहार होता. ज्याला लाभ आहे त्याला जोखीम नाही, हीच १८९२ पासूनची खोड. १९९५-९६ मध्ये ॲटलांटा ऑलिंपिकसाठी सोळा चित्रे, प्रत्येक दोन तऱ्हांनी, अशी एकूण ३२ नाणी काढण्यात आली. स्वातंत्र्यदेवतेचे चांदीचे डॉलर सत्तर लाखांवर खपले होते. ॲटलांटाच्या काही डॉलरांचा एकेका तऱ्हेचा खप वीस हजारांपर्यंतही गेला नाही. १९९६ साली कायदा करून आळा घालावा लागला. १९९९ पासून वर्षाला दोनच प्रसंग. नाण्यांच्या संख्येला मर्यादा. टांकसाळीचा खर्च निघाल्यावाचून संस्थेला पैसा नाही. आणि संस्थेने आपल्या हिमतीवर तितकीच रक्कम जमविली असेल तरच वर्गणी पदरात. शंभर वर्षांनी का होईना, लाभ आणि जोखीम एका दाव्याला बांधली गेली.

त्याच १९९९ साली अमेरिकेने आणखी एक गोष्ट केली. पन्नास राज्यांची पन्नास चित्रे रोजच्या पाव डॉलरच्या नाण्यावर घालून, वर्षाला पाच याप्रमाणे २००८ पर्यंत ती साध्या चलनात सोडली. किंमत पाव डॉलर. ना अधिक ना उणी. कोट्यवधी लोकांनी सुट्या पैशांतून ती वेचून ठेवली. ज्याने नाणे ठेवून घेतले त्याने सरकारला पाव डॉलर दिलाच होता, आणि नाणे पाडण्यास त्याहून खूप कमी खर्च येत असल्याने सरकारलाही मोठा लाभ झाला. पोराला आपल्या राज्याचे नाणे सापडले तर आनंद. गरज पडली तर त्याच नाण्याने सुट्या पावाला दुकान उघडे. फसण्याची सोयच नव्हती.

हा सारा वृत्तांत परक्या देशाचा असला तरी तो आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो. ज्ञानेश्वरांच्या रुपयासारखी नाणी आपल्याकडे हातोहात फिरली. पण २०१० हे साल घातलेले, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाल्याचे एक हजार रुपयांचे नाणे हे त्या जातीचे नव्हे. ते टांकसाळीकडून वाढीव किमतीला घ्यावयाचे आणि डबीत ठेवावयाचे. त्यात गैर काही नाही. टांकसाळ स्वतः विकते, घेणाऱ्याला आपण काय घेतो हे ठाऊक असते. मात्र असे प्रत्येक नाणे निघताना तीन प्रश्न विचारण्याची सवय नागरिकाने लावून घ्यावी असे आम्हांस वाटते. प्रसंग आधी होता की नाणे आधी ठरले? वरचा पैसा कोणाकडे जातो, आणि नाणी पडून राहिली तर तोटा कोणाचा? आणि हे नाणे थोडे का आहे. मागणीच तेवढी म्हणून, की थोडे ठेवले म्हणजे महाग विकते म्हणून?

आपल्याकडे जुने लोक नाणे दगडावर वाजवून घेत. बद्द वाजले तर ते खोटे. स्मारक नाण्याची चांदी अमेरिकेतही खरीच होती. वजनात किंवा कसात एका गुंजेचा फरक नव्हता. खोटा ठरला तो त्यामागचा व्यवहार, आणि तो वाजवून पाहण्यास तेथील लोकांना साठ वर्षे लागली. थोर पुरुषाची आठवण राखण्याचे काम राष्ट्राने करावे, खुशाल नाण्यावर करावे. पण ती आठवण ज्याच्या हाती पडेल त्याला ती इतरांपेक्षा महाग पडू नये, एवढे पथ्य पाळले तर नाणेही राहील आणि मानही राहील.